पीएचडीची तारीख आणि पुढचा मार्ग: जीवशास्त्र व संगणकीय जीवशास्त्रातली पोस्टडॉक फेलोशिप कशी मिळवावी

पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनपदाची) शोधाशोध बहुतेक जण थिसिस सादर केल्यावर सुरू करतात आणि तिथेच एक वर्ष हातचं जातं. जगातल्या बऱ्याच नामांकित फेलोशिपची पात्रता वयावर ठरत नाही, ती पीएचडी मिळाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. थिसिस दिल्यावर गाइडच्याच प्रकल्पात 'तोवर काहीतरी' म्हणून दीड-दोन वर्षं काढली की काही फेलोशिपचे दरवाजे आपोआप बंद झालेले असतात, आणि ते अर्जाच्या पोर्टलवर तारीख भरतानाच कळतं. म्हणून शोध सुरू करायचा तो थिसिस सादर करण्याच्या बारा ते अठरा महिने आधी.

सुरुवातीला एक फरक नीट समजून घ्या. पोस्टडॉक दोन तऱ्हेने होतो. एकात प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडे अनुदान असतं, तो जाहिरात देतो आणि तुम्ही नोकरीला लागता. पैसा त्याचा, विषयही बहुतांशी त्याचा. दुसऱ्यात पैसा तुमच्या नावावर येतो. प्रस्ताव तुमचा, प्रमुख यजमान. हीच फेलोशिप. पुढे स्वतःची प्रयोगशाळा मागताना 'हिने स्वतःचा निधी आणला होता' या ओळीला वजन असतं, शिवाय विषय निवडायची मोकळीक मिळते. पण जवळजवळ प्रत्येक फेलोशिपच्या अर्जात यजमानाचं संमतिपत्र लागतं. म्हणजे फेलोशिप शोधायची तर आधी प्रयोगशाळा शोधायची. हा क्रम उलटा धरणारे शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी प्राध्यापकांना ईमेल करत सुटतात, आणि त्यांना उत्तर येत नाही.

पायरी १: आपल्या तारखा कागदावर मांडा

तीन तारखा लिहून काढा: व्हायवाची (थिसिसच्या तोंडी परीक्षेची), विद्यापीठाच्या अधिसूचनेची आणि पदवीदान समारंभाची. आपल्याकडे या तिन्हींत कित्येक महिन्यांचं अंतर पडतं. कोणती संस्था कोणती तारीख धरते हे त्या त्या नियमपत्रात वाचायचं. उदाहरणार्थ, युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी (पुढे एमएससीए) व्हायवा यशस्वीपणे पार पडला असेल तर पदवी हातात नसली तरी चालते. हे माहीत नसल्यामुळे पदवीदानाची वाट बघत आख्खी फेरी सोडून देणारे लोक असतात.

आता मोजणी. एम्बो (युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑर्गनायझेशन) फेलोशिपसाठी पीएचडी अर्जाच्या दिवसापर्यंत दोन वर्षांहून जुनी नको. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमसाठी (एचएफएसपी) तीन वर्षं, जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपसाठी चार, जपानच्या जेएसपीएससाठी (जपान सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ सायन्स) सहा, एमएससीएसाठी आठ. मातृत्व-पितृत्व रजा किंवा दीर्घ आजारपण असेल तर यांतल्या बऱ्याच ठिकाणी मुदत वाढते, मात्र त्याचे कागद लागतात. रजेचं पत्र आधीच मागून ठेवा.

दुसरी अट स्थलांतराची. एमएससीएत शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त वास्तव्य किंवा काम झालेलं नसावं. इथे अनेकांचं घोडं अडतं. समजा तुमची पीएचडी ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचित झाली आणि जानेवारी २०२६ मध्ये तुम्ही म्युनिकला प्रकल्पाच्या पैशावर रुजू झालात. सप्टेंबर २०२६ च्या फेरीला तुमचे जर्मनीतले आठ महिने झालेले असतील, म्हणजे त्याच प्रयोगशाळेसाठी अर्ज करता येईल. 'आधी जरा स्थिरावू, मग करू' म्हणून सप्टेंबर २०२७ वर ढकललंत तर वीस महिने होतील आणि जर्मनी बाद. फ्रान्स, स्पेन, डेन्मार्क उरतील, पण म्युनिकचं काम सोडून. पीएचडीच्या तारखेच्या हिशेबाने याच माणसाची एम्बोची मुदत ऑगस्ट २०२७ पर्यंत आणि हुम्बोल्टची ऑगस्ट २०२९ पर्यंत. असा तक्ता स्वतःसाठी एका पानावर करा आणि टेबलासमोर लावा.

पायरी २: कोणती फेलोशिप कुणासाठी

एम्बो ही जीवशास्त्रातली सर्वांत सोयीची, कारण अर्ज वर्षभर केव्हाही करता येतो आणि एम्बोला निधी देणाऱ्या देशांच्या परिषदेचा (ईएमबीसी) भारत २०१६ पासून सहयोगी सदस्य आहे. कालावधी दोन वर्षांपर्यंत. अट अशी की किमान एक प्रथम लेखक म्हणून शोधनिबंध स्वीकारलेला किंवा प्रसिद्ध झालेला हवा. समीक्षकांच्या अहवालांसह प्रसिद्ध झालेला प्रीप्रिंटही (नियतकालिकात येण्याआधी खुला केलेला निबंध) धरला जातो. नुसता बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर चढवलेला मात्र पुरत नाही. निबंध समीक्षेत अडकलेला असेल तर 'रिव्ह्यू कॉमन्स'सारख्या व्यवस्थेतून समीक्षा करून घेणं हा खरोखर उपयोगी मार्ग आहे.

एचएफएसपीचं मुख्यालय स्ट्रासबुर्गला आहे आणि भारत तिचा सदस्य आहे. फेलोशिप तीन वर्षांची. तिचं वैशिष्ट्य म्हणजे विषयबदल. पीएचडीत जे केलं तेच पुढे करणाऱ्याला इथे फारशी संधी नाही. जीवशास्त्रातून जीवशास्त्राच्या नव्या क्षेत्रात जाणाऱ्यांसाठी 'लाँग-टर्म', आणि भौतिकशास्त्र, गणित, रसायन, संगणकशास्त्र, अभियांत्रिकी यांत पीएचडी करून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठी 'क्रॉस-डिसिप्लिनरी' असे दोन प्रकार. संगणकीय पार्श्वभूमीच्या उमेदवारांनी हा दुसरा प्रकार आवर्जून बघावा, कारण तो त्यांच्यासाठीच आहे आणि आपल्याकडे त्याची माहिती कमी आहे. आधी मे महिन्यात छोटं इरादापत्र जातं, निवड झालेल्यांनाच पूर्ण प्रस्ताव मागतात.

एमएससीए सर्वांत मोठी, पण गर्दीही तितकीच. २०२४ मध्ये सुमारे सोळा टक्के अर्ज यशस्वी झाले. २०२५ मध्ये अर्जांची संख्या १७ हजारांवर गेली. भारतीयांसाठी 'युरोपियन' हा प्रकार, १२ ते २४ महिन्यांचा. 'ग्लोबल' प्रकार युरोपीय नागरिक व दीर्घकाळ रहिवासी यांच्यासाठीच आहे, त्यात वेळ घालवू नका. आवाहन वसंतात खुलं होतं, शेवटची तारीख सहसा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. फेब्रुवारी ते जून या काळात अनेक विद्यापीठं 'आमच्याकडून अर्ज करा' अशी निमंत्रणं युरॅक्सेस या पोर्टलवर टाकतात आणि निवडलेल्यांना प्रस्तावलेखनाची कार्यशाळाही देतात. ही मदत फुकट मिळते आणि तिने प्रस्तावात फरक पडतो. पोर्तुगाल, चेकिया, पोलंड, स्लोव्हेनिया, ग्रीस अशा 'वायडनिंग' गटातल्या (जिथे संशोधन वाढवावं असं युरोपीय संघाला वाटतं त्या) देशात यजमान असेल तर अर्जात ईआरए (युरोपियन रिसर्च एरिया) फेलोशिपचा पर्याय निवडायला विसरू नका. मुख्य यादीत नाव आलं नाही तरी तोच अर्ज तिथे आपोआप विचारात घेतला जातो.

हुम्बोल्ट फेलोशिपचा अर्जही वर्षभर चालतो, ती ६ ते २४ महिन्यांची असते. इथे प्रकल्पाइतकंच उमेदवाराचं आजवरचं काम तोललं जातं, म्हणून प्रकाशनं बरी असतील तर हिचा प्राधान्याने विचार करा. जेएसपीएसमध्ये एक गोष्ट वेगळी: अर्ज जपानमधला यजमान आपल्या संस्थेमार्फत करतो, त्यामुळे संस्थेची आतली तारीख जेएसपीएसच्या तारखेच्या बरीच आधी असते. यजमानाला पहिल्याच ईमेलमध्ये ती विचारा.

अमेरिकेचं गणित निराळं आहे. एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्यसंशोधन संस्थेची एफ३२ ही प्रसिद्ध फेलोशिप फक्त तिथले नागरिक व कायम रहिवासी यांना मिळते. एनआयएचच्याच के९९/आर०० या अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही, पण ती पोस्टडॉक सुरू झाल्यावर पहिल्या चार वर्षांत मागायची. खाजगी प्रतिष्ठानांपैकी डेमन रनयॉन (कर्करोग), जेन कॉफिन चाइल्ड्स आणि लाइफ सायन्सेस रिसर्च फाउंडेशन परदेशी उमेदवारांना अमेरिकेतल्या प्रयोगशाळेसाठी अर्ज करू देतात. बहुतेकांची अट अशी की त्या प्रयोगशाळेत रुजू होऊन फार दिवस झालेले नसावेत, म्हणून रुजू होण्याआधीच तारखा तपासा. डेमन रनयॉनची क्वांटिटेटिव्ह बायॉलॉजी फेलोशिप गणिती-संगणकीय पीएचडीधारकांसाठी आहे आणि तिच्यात एक संगणकीय व एक प्रायोगिक असे दोन मार्गदर्शक लागतात. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटमधलं संगणकीय जीवशास्त्राचं केंद्र स्वतःचे फेलो थेट नेमतं. तिथे आधी यजमान मिळवायची कसरत तुलनेने कमी.

भारतातच राहायचं असेल तर अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची (एएनआरएफ, पूर्वीचं सर्ब) नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची आहे. इथे मात्र वयाची अट आहे: ३५ वर्षं, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सूट. जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) डीबीटी-आरए ही रिसर्च असोसिएटशिप बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेमार्फत चालते. स्वतंत्र वाटचाल करायची तयारी असेल तर एम. के. भान फेलोशिप आणि डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप या दोन बघा. अलायन्सच्या कार्यक्रमाचा तिसरा टप्पा केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केला आहे. प्रकल्पातल्या रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३ पासून तीन टप्प्यांत दरमहा ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये व वर घरभाडे भत्ता असा केंद्राचा दर आहे. जाहिरातीतला आकडा त्याहून कमी दिसला तर कारण विचारा. आणि एक गोष्ट गृहीत धरा: सरकारी फेलोशिपचे पैसे पहिल्या वर्षी उशिरा येऊ शकतात. चार-सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज ठेवूनच रुजू व्हा.

पायरी ३: प्रयोगशाळा निवडा

दहा-बारा नावांची यादी पुरेशी आहे, पन्नास नकोत. नावं मिळवायची ती तुम्ही थिसिसमध्ये ज्यांचे निबंध पुन्हा पुन्हा उद्धृत केले त्यांच्यातून, परिषदांच्या वक्त्यांतून, आणि गेल्या दोन वर्षांतल्या प्रीप्रिंटच्या शेवटच्या लेखकांमधून (शेवटचं नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं). जाहिरातींसाठी नेचर करिअर्स, युरॅक्सेस, ब्रिटिश विद्यापीठांसाठी jobs.ac.uk, उत्क्रांतीशास्त्रासाठी इव्होलडिर आणि भारतासाठी इंडियाबायोसायन्सचा नोकऱ्या-अनुदानांचा विभाग.

प्रत्येक नावाच्या तीन गोष्टी तपासा. पहिली, पैसा. एनआयएच रिपोर्टरवर अमेरिकेतल्या प्राध्यापकाचं नाव टाकलं की अनुदान कधी संपतंय ते दिसतं. युरोपीय संघासाठी कॉर्डिस, जर्मनीसाठी गेप्रिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, जपानसाठी काकेन. हे सगळे विदासंच (डेटाबेस) सर्वांना खुले आहेत. तुमची फेलोशिप आली तरी रसायनं, सिक्वेन्सिंग आणि संगणनाचा खर्च यजमानाच्याच अनुदानातून होणार असतो. अनुदान आठ महिन्यांत संपणार असेल आणि नवं काही दिसत नसेल तर सावध व्हा.

दुसरी, आधीचे पोस्टडॉक कुठे गेले. संकेतस्थळावरच्या 'माजी सदस्य' यादीतली पाच-सहा नावं शोधा. किती जणांना प्रथम लेखकाचा निबंध मिळाला, त्याला किती वर्षं लागली, पुढे कुठे लागले. यादीच नसेल तर जुने निबंध बघून नावं काढा. त्यांच्यापैकी दोघांना थेट लिहा. सध्याचे सदस्य मोकळेपणाने बोलतीलच असं नाही, माजी बोलतात.

तिसरी गोष्ट खास संगणकीय उमेदवारांसाठी. प्रयोगशाळेत आणखी कोण कोड लिहितं? आठ प्रायोगिक माणसं आणि तुम्ही एकटे अशी रचना असेल तर दोन वर्षांत तुमच्या नावावर पाचव्या-सहाव्या लेखकाचे दहा निबंध होतील आणि स्वतःचा एकही नाही. प्रत्येकाला 'फक्त एवढा आरएनए-सेकचा (पेशींतल्या आरएनएच्या मोजणीचा) विदा बघून दे' हवं असतं. हे काम कमी दर्जाचं नाही, पण ते पोस्टडॉकचं काम नव्हे, बायोइन्फर्मॅटिक्स केंद्राचं आहे. अशा जागी जायचंच असेल तर तुमचा स्वतःचा प्रकल्प आणि इतरांच्या मदतीचा वेळ यांची वाटणी रुजू होण्याआधी ईमेलवर लिहून घ्या, आणि दुसरा संगणकीय मार्गदर्शक मागा.

पायरी ४: पहिला ईमेल

फेलोशिपच्या तारखेच्या निदान चार-पाच महिने आधी. लांबी दोनशे ते अडीचशे शब्द. सोबत दोन पानी सीव्ही आणि एक पानी संशोधनाचा गोषवारा, दोन्ही मिळून एकच पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं आडनाव. आपल्याकडच्या बायोडाटातली वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, फोटो, दहावी-बारावीचे टक्के ही माहिती काढून टाका.

सुरुवात 'आदरणीय महोदय, आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत संधी मिळावी' अशी झाली तर वाचणारा तिथेच थांबतो, कारण हे वाक्य कुणालाही पाठवता येतं. त्याऐवजी इंग्रजीत या अर्थाचं लिहा: 'तुमच्या गेल्या वर्षीच्या निबंधात मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींचे दोन उपगट वेगळे दाखवले आहेत. माझ्या पीएचडीत मी क्षयरोगाच्या नमुन्यांतल्या एकेका पेशीच्या (सिंगल-सेल) विदासंचासाठी बॅचचा परिणाम (वेगवेगळ्या तुकड्यांत मोजल्यामुळे येणारा कृत्रिम फरक) काढून टाकायची पद्धत बांधली. तीच पद्धत तुमच्या विदासंचावर लावली तर हे उपगट रुग्णारुग्णांत टिकतात का, हे तपासता येईल असं मला वाटतं.' तीन वाक्यांत त्यांचं काम, तुमचं काम आणि दोन्हींचा सांधा आला. त्यापुढे एका ओळीत पीएचडीची तारीख, एका ओळीत 'मी अमुक फेलोशिपला पात्र आहे, शेवटची तारीख अमुक, यजमान व्हायला आवडेल का', आणि शेवटी अर्धा तास ऑनलाइन बोलायची विनंती.

फेलोशिपचं नाव घेणं फार महत्त्वाचं. 'पैसे नाहीत' असं म्हणून नकार देणारा प्राध्यापक 'पैसे मी आणायचा प्रयत्न करते' म्हटल्यावर पुन्हा विचार करतो.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी त्याच ईमेलला जोडून दोन ओळींची आठवण करा. तरीही शांतता असेल तर यादीतलं पुढचं नाव. एकाच विभागातल्या चार जणांना एकाच वेळी लिहू नका, ते जेवणाच्या टेबलावर एकमेकांशी बोलतात.

संगणकीय उमेदवारांचा सीव्ही वाचणारा आधी गिटहबची (कोड ठेवायच्या संकेतस्थळाची) लिंक उघडतो. तिथे तीस रिकामी भांडारं असण्यापेक्षा एक चालणारं असावं: रीडमी (वापराची माहिती), लागणाऱ्या पॅकेजची यादी देणारी 'एन्व्हायर्नमेंट' फाइल, लहानसा चाचणी विदासंच आणि 'हा आदेश चालवा, दहा मिनिटांत ही आकृती मिळेल' अशी सूचना. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर एकदा चालवून बघा. बहुतेक वेळा गडबड होते ती कोडमध्ये लिहून ठेवलेल्या स्वतःच्या फोल्डरच्या पत्त्यामुळे आणि पॅकेजच्या आवृत्त्या नोंदवलेल्या नसल्यामुळे.

पायरी ५: प्रस्ताव

यजमानाने 'हो' म्हटलं की प्रस्ताव तुम्ही लिहायचा, त्याने दुरुस्त करायचा. पहिला मसुदा तारखेच्या आठ आठवडे आधी त्याच्या हातात पडला पाहिजे. तो एकदाच वाचेल असं धरून चाला.

उद्दिष्टं दोन किंवा तीन. दुसरं पहिल्यावर पूर्ण अवलंबून नको. 'पहिल्या वर्षी उंदराचा नवा वाण तयार करू, दुसऱ्या वर्षी त्याच्यावर प्रयोग करू' असा आराखडा समीक्षक लगेच हेरतात, कारण वाण तयार झाला नाही तर उरलेला प्रस्ताव कोसळतो. उपलब्ध वाणावर किंवा सार्वजनिक विदासंचावर चालणारं एक उद्दिष्ट शेजारी ठेवा.

संगणकीय प्रस्तावात 'डीप लर्निंग वापरू' एवढं पुरत नाही. कोणता विदा, कुठून, किती नमुने, त्याची परवानगी तुमच्याकडे आहे का, हे लिहा. डीबीगॅपसारख्या नियंत्रित भांडारातला मानवी जनुकीय विदा मिळायला संस्थेची मंजुरी लागते आणि त्यात आठवडे जातात. तो वेळ आराखड्यात दाखवा. साधी तुलना कशाशी करणार तेही सांगा: तुमचं प्रारूप (मॉडेल) लॉजिस्टिक रिग्रेशन या साध्या सांख्यिकी पद्धतीपेक्षा बरं आहे का, हा प्रश्न समीक्षक विचारणारच. प्रारूपाच्या प्रशिक्षणात आणि त्याच्या चाचणीत एकाच रुग्णाचे नमुने येऊ देणार नाही, हे एक वाक्य लिहिलंत तर जाणकार समीक्षकाचा विश्वास बसतो, कारण याच चुकीने अनेक प्रसिद्ध आकडे फुगलेले असतात. आणि निष्कर्ष प्रयोगाने कोण पडताळणार, त्या व्यक्तीचं किंवा प्रयोगशाळेचं नाव द्या.

एमएससीएत गुणांची वाटणी उघड आहे: उत्कृष्टता ५० टक्के, परिणाम ३०, अंमलबजावणी २०. मुख्य भाग दहा पानांचा. जीवशास्त्रज्ञ सात पानं विज्ञानावर घालवतात आणि उरलेल्या तीनांत बाकीचं कोंबतात, मग ५० टक्क्यांच्या भागात चांगले गुण मिळूनही एकूण बेरीज मागे पडते. 'परिणाम'मध्ये या दोन वर्षांनी तुमच्या कारकिर्दीत नेमकं काय बदलेल ते हवं. 'अंमलबजावणी'त कामाचे गट (वर्क पॅकेज), महिनेवार तक्ता आणि धोके व त्यांवरचे पर्याय. शिक्षण दोन्ही बाजूंनी दाखवा: तुम्ही काय शिकाल आणि यजमान तुमच्याकडून काय शिकेल. हा दुसरा भाग भारतीय उमेदवार संकोचाने रिकामा सोडतात. तिथे गुण आहेत.

पायरी ६: शिफारसपत्रं

तीन नावं आधीच पक्की करा: गाइड, सल्लागार समितीतलं कुणी, आणि बाहेरचा सहकारी. 'मेहनती, प्रामाणिक, स्वभावाने चांगली' एवढंच सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र नुकसान करतं, कारण शेजारच्या उमेदवाराचं पत्र दीड पानाचं आणि उदाहरणांनी भरलेलं असतं. शिफारस करणाऱ्याला एक पानाची टिपणी द्या: कोणता निबंध, त्यात तुमची कल्पना कोणती, कोणती अडचण तुम्ही एकट्याने सोडवली, कुणाला शिकवलं. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सर म्हणाले तरी ही टिपणीच पुढे करा. तिन्ही पत्रं एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटली तर समितीला ते जाणवतं. पत्र संस्थेच्या ईमेलवरून जाणं बरं. आणि पोर्टलचा दुवा स्पॅममध्ये जातो, म्हणून तारखेच्या दहा दिवस आणि तीन दिवस आधी फोन करा.

पायरी ७: मुलाखत आणि देकार (ऑफर)

मुलाखतीत साधारण चाळीस मिनिटांचं व्याख्यान आणि मग सदस्यांशी एकेकट्याने बोलणं असतं. व्याख्यानाची पहिली पाच मिनिटं विषयाबाहेरच्या माणसाला कळतील अशी बांधा, कारण खोलीत तुमच्या विषयातले दोघेच असतात.

तुम्हीही विचारायचं असतं. करार किती महिन्यांचा आणि वाढ कशावर ठरते? फेलोशिप आली नाही तर जागा राहील का? संगणनाच्या ग्राफिक प्रोसेसरसाठी (जीपीयू) रांग किती लांब असते? जाताना प्रकल्पाचा कोणता भाग मी बरोबर नेऊ शकते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर ते लक्षात ठेवा.

वेतन आणि स्टायपेंड यांत मोठा फरक आहे. नोकरीच्या करारात आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, रजा येतात. स्टायपेंडमध्ये यांतलं बरंच स्वतः भरावं लागतं. म्हणून आकड्यांची तुलना करताना विमा वजा करून बघा. अमेरिकेत एनआयएचचा पहिल्या वर्षाचा दर २०२४ मध्ये ६१,००८ डॉलर होता आणि अनेक विद्यापीठं तोच किमान धरतात. बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत दोन खोल्यांचं भाडं यातला मोठा वाटा खातं.

कुणी फेलोशिप किंवा पोस्टडॉकसाठी 'प्रक्रिया शुल्क' मागितलं तर ती फसवणूक समजा.

पायरी ८: कागदपत्रं

सगळ्यात किरकोळ वाटणारी आणि सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट म्हणजे नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. निबंधांवर फक्त आद्याक्षरं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर चौथा प्रकार. परदेशी पोर्टल पहिला शब्द हाच तुमचं नाव समजतं आणि ऑफर लेटर 'प्रिय कुलकर्णी' म्हणून येतं. ते हसण्यावारी नेता येतं, पण व्हिसाच्या कागदावर तीच अदलाबदल झाली की पुन्हा अर्ज करावा लागतो. म्हणून पासपोर्टवर आहे तेच नाव सर्व अर्जांत वापरा, ऑर्किडवर (ORCID, संशोधकांच्या ओळखक्रमांकाची नोंदणी) सगळी रूपं नोंदवा, आणि 'ही एकच व्यक्ती' असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जवळ ठेवा.

विद्यापीठाकडून तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र अधिसूचना निघाल्याच्या आठवड्यातच मागा. जर्मनीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की भारत अपोस्टिल करारात (परदेशात चालणाऱ्या कागदपत्र-साक्षांकनाच्या) असला तरी जर्मनीने आक्षेप नोंदवल्यामुळे भारतीय अपोस्टिल तिथे चालत नाही. त्यावर पैसे खर्च करण्याआधी दूतावासाची यादी वाचा आणि तुमचं विद्यापीठ अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन विदासंचात कसं नोंदलंय ते बघा. ब्रिटनसाठी काही विषयांत भारतीयांना एटास ही सुरक्षा परवानगी आधी लागते, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड प्रत्येक प्रौढामागे, सगळ्या वर्षांचा एकदम. दोघांचे तीन वर्षांचे सहा हजारांवर पौंड होतात. ही रक्कम संस्था देणार का, हे देकार स्वीकारण्याआधी विचारा.

अमेरिकेत पोस्टडॉकला सहसा जे-१ हा आदानप्रदान व्हिसा मिळतो. सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लागू झाल्यापासून विद्यापीठं एच-१बी द्यायला आणखी नाखूश आहेत. जे-१ संशोधकाची कमाल मुदत पाच वर्षं. ती संपली, किंवा मध्येच सोडून आलात, तर त्याच प्रकारात परतायला २४ महिने थांबावं लागतं. म्हणून सहा महिन्यांच्या छोट्या भेटीसाठी हा प्रकार वापरू नका, त्यासाठी 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' हा वेगळा प्रकार मागा. ज्या कौशल्ययादीतल्या देशांच्या लोकांना दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट लागते, त्या यादीतून भारत ९ डिसेंबर २०२४ पासून वगळला गेला आहे. पण तुमचा खर्च भारत किंवा अमेरिका सरकारच्या थेट निधीतून होत असेल, तर ती अट अजूनही लागते. फुलब्राइट-नेहरूसारखी सरकारी फेलोशिप घेऊन जाणाऱ्यांनी डीएस-२०१९ या जे-१च्या प्रमाणपत्रावरची ही नोंद सही करण्यापूर्वी वाचावी आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्वान कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा.